शकुबाईंचा चार्ज

३ ऑक्टोबर १९५६, सौंसर

चार्ज! सकाळपासून हा शब्द तीनदा कानावर आला आणि तिन्ही वेळा वेगळाच निघाला. शाळेत पाऊल टाकलं तोच मोठ्या बाई – शकुबाई – म्हणाल्या, "नलिनी, माहा बदलीचा हुकूम आला. मी काटोलले चालली. चार्ज तुलेच घ्या लागते." घरी आले तर घरमालक रघुनाथराव ओट्यावर – "रेडिओची बॅटरी पांढुर्ण्याले चार्ज होऊन राहिली." आणि पोस्टात पार्सलाचा चार्ज जास्त लावला म्हणून खिडकीवर भांडण!

एकच शब्द बाईंना, बॅटरीला आणि पार्सलाला पुरतो कसा?

५ ऑक्टोबर

शाळेतला जाड इंग्रजी कोश काढला. दीड रकाना! आरोप, हल्ला, भाडं, बंदुकीत भरायची दारू, सोपवलेलं काम, सोपवलेलं माणूस... वाचता वाचता चौथीचा तास बुडाला, मुली खूश. हा शब्द म्हणजे एकत्र कुटुंबातली थोरली सून – जो हाक मारील त्याच्याकडे धावते. आता जिथं ऐकेन तिथून टिपून ठेवायचा. खूळ आहे, असू दे.

६ ऑक्टोबर

हेमंत आले. तोंडानं नाव घेत नाही, पण इथं लिहायला कोण पाहतंय! ते नागपूरला रेल्वेत, मी इथं मुलींच्या शाळेत. तीन वर्षं शनिवारच्या छोट्या गाडीवर संसार चाललाय. आता प्रांत फुटणार – नागपूर मुंबई राज्यात, आपला छिंदवाडा जिल्हा भोपाळकडे. सरकारी नोकरांनी कुठल्या राज्यात राहायचं ते लिहून द्या असं वरून आलं, तेव्हा मी सप्टेंबरातच नागपूर लिहून दिलं. डोळे मिटून.

चार्ज घेऊ का विचारलं. "घे ना. तुझा हुकूम येईपर्यंतचाच तर सवाल आहे. मग ये एकदाची. स्टेशनावर हात हलवून हलवून थकलो मी."

हसले. मग रडूही आलं.

११ ऑक्टोबर

शेजारचे गुणवंता हवालदार – आता पेन्शनवाले – यांना सहज विचारलं, तुमच्या खात्यात चार्ज म्हणजे काय? म्हातारा तंबाखू मळता मळता थांबला. बेचाळीस साली त्यांना लाठीचार्जचा हुकूम झाला होता. समोर गावातलीच माणसं. "हात उचललाच नाई वं बाई. लाठी भुईवर आपटत राहिलो." त्यावरून त्यांच्यावर चार्जशीट झाली, सहा महिने घरी बसावं लागलं. एका चार्जला नाही म्हटलं तर दुसरा अंगावर आला!

कोशात हे असं लागोपाठ सांगितलेलं नाही.

२० ऑक्टोबर

बाईंना आज विचारून टाकलं – मी गेल्यावर कोण?

"कोनीच नाई. भोपाळहून मानूस येईपरेंत पोरींले पोरांच्या शाळेत बसवतो म्हन्ते."

"मग?"

"मंग काय? कोन बाप पोरगी धाडते तिथं? घरी बसतीन साऱ्या."

मी म्हटलं, तसं होणार नाही बाई. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

२७ ऑक्टोबर

चार्ज घेतला!

दुपारभर यादी. खुर्च्या चार, पैकी एक लंगडी. घंटा एक. नकाशे सहा. बाई वाचत होत्या, मी खुणा करत होते. शेवटी दोघींच्या सह्या. मी विचारलं, "बाई, यादीत मुली कुठं आहेत? एकशे बारा?"

"त्याईची यादी नसते, बाप्पा."

आणि मग त्यांनी काय करावं! पिशवीतून तांदूळ, खण आणि पाच संत्री काढली. नारळ महाग झाला म्हणे. मला लंगड्या खुर्चीवर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरायला लागल्या. मी हसतच सुटले – "बाई, सरकारी काम आहे हे! मी काय माहेरपणाला आले?"

"हस तू. एकशे बारा पोरी देऊन राहिली मी. रिकाम्या पदरात कशा देऊ?"

मग हसू आलं नाही. मी पदर पसरला. शिपाई कुलूप घेऊन दारात उभा होता.

१ नोव्हेंबर

नवं राज्य सुरू. बातम्या ऐकायला रघुनाथरावांच्या ओट्यावर अर्धी गल्ली जमली आणि बॅटरीनं दोन मिनिटांत मान टाकली. "आता मोठ्यानं सांगा कोनी, आपन कुठं हाव ते!" – रघुनाथराव.

५ नोव्हेंबर, नागपूर

दिवाळी इथं. हेमंतनी दोन खोल्या घेतल्यात. माझ्या पुस्तकांसाठी भिंतीत फळी ठोकून घेतलीय, फळीखाली दिव्याची सोयही. फार बरं वाटलं. खरंच फार. दिवसभर मीच बडबडत होते – शाळेचं, शाळेचं, शाळेचं. ते म्हणाले, "अगं, ती शाळा आता तुझी थोडीच राहणार?" बरोबर आहे त्यांचं. मला राग का आला?

१२ नोव्हेंबर, सौंसर

शाळा उघडली. फाटकाशी लोधीखेड्याचे केशवराव, दोन्ही मुलींना धरून. आत सोडेनात.

"बाई, तुमी हाय ना? का तुमीबी चालल्या? चालल्या असान तर आत्ताच सांगा. बैलबंडी उभीच हाय."

"आहे," मी म्हटलं.

मुली धावत आत गेल्या. दिवसभर वाटत राहिलं, आपण खोटं बोललो. संध्याकाळी वही उघडली. टिपण्यासारखा चार्जचा नवा अर्थ काही सापडला नव्हता.

१३ नोव्हेंबर

हुकूम आला. वीस तारखेपर्यंत नागपूरला हजर व्हा.

१४ नोव्हेंबर

येत नाही म्हणून लिहून दिलं. हेमंतना वेगळं पत्र टाकलं – रागवा, वाटेल ते बोला, पण शनिवारी या.