विमानाच्या पोटाखालची नळी

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा राग काही गेला नाही. परवा विमानतळावर बसले होते, समोरच्या विमानाच्या पोटाखाली काळा डाग दिसला आणि तुम्ही आठवलात. चांगल्या अर्थाने नव्हे.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. सोनेगावच्या विमानतळावर उतरणारी विमानं धुरातून हवेत किती विषारी वायू सोडून जातात, ते मोजण्यावर तुमच्या हाताखालची माझी पीएच.डी. अवलंबून होती. फ्लाइंग क्लबचं दोन माणसांचं विमान. पुढे पायलट, मागे मांडीवर काचेची बाटली धरून मी. बाहेरची हवा नळीतून बाटलीतल्या द्रावणात येते, तो वायू असला की द्रावण गुलाबी होतं. नळी विमानाच्या पोटाखाली बांधायला तुम्ही सांगितलंत. मी एवढंच विचारलं, "सर, इंजिनाचा धूर तिथूनच जातो ना? पंखावर बांधू का?" सगळ्या लॅबसमोर तुम्ही खेकसलात, "काहून वं, मले शिकवून राहिली का? तू बाटली धर, डोकं मी लावतो." शिपायासकट सगळे हसले.

बरं, म्हटलं. दोन हिवाळे धरली बाटली. द्रावण असं गडद गुलाबी व्हायचं की तुम्ही खुशीत येऊन सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातलेत. मग परिषदेत बाहेरगावच्या एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने शांतपणे विचारलं, "या विमानाचा धूर बाहेर कुठून पडतो हो?" झालं! आपण आपल्याच विमानाचा धूर मोजत होतो. आणि तुम्ही, सर, घसा खाकरून माझ्याकडे बोट दाखवलंत, "नळी हिने बांधली." लाज कशी नाही वाटली हो तुम्हाला? सगळी रीडिंग कचऱ्यात गेली, मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. शोकसभेत लोक तुम्हाला देवमाणूस म्हणत होते आणि मी आपल्या चपलांकडे बघत बसले होते.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही. असता तरी टाकलं नसतं. पहिल्याच दिवशी खाली उतरल्यावर मी नळीच्या तोंडात बोट घातलं होतं. काजळी होती. त्यानंतर दर खेपेला ती रुमालाने पुसून, नळी स्वच्छ करून तुमच्या हातात देत होते. तुमच्या धाकाने गप्प बसले, असं मी सगळ्यांना सांगत आले. धाक कसला! तुम्ही चारचौघांत तोंडावर पडावं, म्हणून पुसत होते.