उडदाच्या पाण्याची भिंत

६ जाने., मंगळ.
जुन्या घरांच्या नोंदीचे साहेब भोपाळहून आले. पट्टी लावून विटा मोजल्या. पुढच्या खोलीला सिमेंट, स्वयंपाकघरात टाइल्स, म्हणून नाक मुरडलं. अंगणातल्या भिंतीपाशी मात्र थांबले. हात फिरवला. "माताजी, असली चीज़ तो ये है. ऐसा काम अब कौन करता है?" भिंत बादशाहाच्या काळातली, नोंद झाली तर हिच्याच जोरावर होईल, म्हणाले. मग घर कुणाला पाडता येणार नाही.
मी चहा ठेवायला आत गेले.
ती भिंत ह्यांनी बांधलीय.

७ जाने.
हे शाळेतून रिटायर झाले त्याच पावसाळ्यात जुनी भिंत बसली. गवंडी म्हणाला, सिमेंट लावू. हे ऐकतात कुठले. आमच्या इतवारा मोहल्ल्यात कुणाचं जुनं घर पाडलं की सायकल घेऊन हजर. तिथल्या जुन्या पातळ विटा, कॅरिअरवर दहा-दहा. चुना भिजवायचा, त्यात गूळ, बेलाचा गर, उडदाचं पाणी. घरातले उडीद संपले तेव्हा मी म्हटलं, आता पापड कशाचे लाटू?
"पापड वर्षभर टिकतात. ही तीनशे वर्षं टिकेल."
"मग तीनशे वर्षांनी हीच तळून वाढते."
पहिल्या उन्हाळ्यात गुळापायी मुंग्यांची रांग. मुंग्यांना साखर ह्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात टाकायची, त्यांनी भिंत चाटू नये म्हणून.

१० जाने.
इंदूरहून सुधीरचा फोन. गिऱ्हाईक मिळालंय, जैनाबादचे केळीवाले. घर पाडून दुकानं काढणार. पोरगा वाईट नाही माझा. "आई, बाबा गेल्यापासून तू एकटी. जिन्यावरून पडलीस तर मला कोण सांगणार?" खरंच आहे त्याचं.
म्हणजे मी गप्प राहिले की घर राहतं. इतकं सोपं.


१२ जाने.
माझी शाळा सातवीपर्यंत. बाकीचं ह्यांच्या कपाटातून वाचलं, भाजी शिजेस्तोवर दोन-दोन पानं. एवढं कळतं की कागदावर एकदा चुकीचं गेलं की पुढचे सगळे तेच उतरवतात.
आणि दुसरं. भिंत बादशाहाच्या काळातली लागली, तर ह्यांची कुठे राहिली?

१५ जाने., गुरु.
साहेब सहीला आले. सगळं सांगून टाकलं. सायकल, उडीद, मुंग्या. त्यांनी भिंतीपाशी जाऊन चुना नखानं खरवडून पाहिला. मग हसले.
"मास्टरजी ने तो मुझे फेल कर दिया."
कागदावरचं खोडलं. वाटलं, झालं. पण त्यांनी पेन ठेवलं नाही. कशात काय किती घालायचं, विचारायला लागले. ह्यांची वही आणून दिली. सगळं उतरवून घेतलं. घराचं काही सांगता येत नाही, वर ठरेल, म्हणाले. बांधणाऱ्याचं नाव मात्र लिहितो. काय नाव?
सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. लग्नाला इतकी वर्षं, उखाण्याशिवाय नाव घेतलं ते आज पहिल्यांदा. कान गरम झाले, ह्या वयात.

१८ जाने., रवि.
भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात चुना सुटलाय. साहेबांना दाखवताना दिसलं. काल चुना भिजवला. संक्रांतीचा गूळ उरलाय. बेलफळ सापडलं. आज उडीद टाकले पाण्यात.
भोपाळचं काही कळलं नाही.
सुधीरचा फोन. पुढच्या रविवारी गिऱ्हाईकाला घेऊन येतो. पातेल्याचा आवाज ऐकून विचारलं, काय करतेस? म्हटलं, उडीद भिजवलेत.
"दहीवडे?"
"ये तर खरं. अन् जुने कपडे आण."