मावशीची बटणं

सोम. ३ फेब्रु., भोर
सकाळीच भाटघरहून दत्तूकाकांचा फोन. "पोरी, तुजी मावशी परत मुकी झाली गं." काल पाठवलेलं नवं ॲप त्यांनी मी सांगितलं तसंच टाकलं. जुनं फोल्डर काढून नवं ठेवलं. आता पडद्यावर चारच बटणं: पाणी, हो, नाही, दुखतंय.

घशाच्या ऑपरेशनात सुमनमावशीचा आवाज गेला, म्हणून मीच हे ॲप केलेलं. बटण दाबलं की लॅपटॉप बोलतो. आठ महिन्यांत सव्वाशे बटणं झाली. तिला लिहिता येत नाही. ती खुणा करायची, काका ओळखायचे, मी टाइप करायचे. एकेका बटणाला कधी अख्खी दुपार.

काकांना म्हणाले, "लॅपटॉप जुना झालाय, होतं असं." तोंडातून गेलंच.

मंगळ. ४
लॅपटॉपचा काय दोष? तिच्या बटणांची फाइल मी ॲपच्याच फोल्डरात ठेवली. ते काढलं की फाइलही गेली. माणसाची सेटिंग्ज लॅपटॉपवरच्या त्याच्या स्वतःच्या खात्यात ठेवायची, ॲपच्या फोल्डरात नाही. विंडोजला ॲपडेटा, लिनक्सला होममधलं कॉन्फिग, मॅकला लायब्ररी, जागा ठरलेल्या आहेत. ऑफिसात नव्यांना मीच बजावते. इथे मात्र घरचंच काम, नंतर बघू...

माझ्याकडे एक प्रत निघाली. अगदी सुरुवातीची. अकरा बटणं.

शुक्र. ७, भाटघर
एसटीने गेले. फाइल परत मिळते का बघण्यात तीन तास. नाहीच.
काका ओट्यावर बसलेले. "म्याच कायतर दाबलं आसंल गं. तवापासनं ती माज्याकडं बगत बी न्हाई."
मावशी दारात उभी. मग सांगितलं, दोघांसमोर. काका, तुम्ही काही केलं नाहीत. चूक माझी, आणि वर खोटंही बोलले.
काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग, "आन म्या चार दिस सोताला शिव्या घालतुया."
मावशीने 'दुखतंय' दाबलं. एकदाच. लॅपटॉप मिटला नि गोठ्यात गेली.
मागे जायचं धाडस झालं नाही.

रवि. ९, भोर
बटणांची फाइल ॲपच्या फोल्डरातून काढून खात्यातल्या ठरलेल्या जागी हलवली. ॲप तीनदा काढून पाहिलं, फाइल जागच्या जागी. पंधरा मिनिटांचं काम होतं!

आठवतील ती बटणं वहीत लिहितेय. 'आवं, टोपी घाला.' 'चंद्री म्हस लाथ मारती, मागनं जाऊ नगा.' सत्तावीस झाली. बाकीची तिच्यापाशीच.

काकांना फोन केला. उद्या येऊ का, मावशीला विचारा.
"इच्यारलं. तिनं हात हालीवला."
"म्हणजे ये, का येऊ नको?"
"मला न्हाई कळलं, पोरी. तूच यिऊन बग."

पहिली एसटी धरते. दारातूनच परत पाठवलं तर परवा पुन्हा जाईन.