पहिल्या कपाटाचं दार

९ नोव्हेंबर, शनिवार सकाळ

प्रिय धाकटे,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. आधी खुर्चीत बस, घोटभर पाणी पी, मग वाच. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प असतो. एकूण माझ्यापेक्षा समजूतदार आहे. कुंडीतल्या लिंबाला यंदा पहिल्यांदा लिंबं धरली. वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई रोज विचारतात, "प्राचार्या बहीण काय म्हणतेय?" मी सांगते, मजेत आहे.

तुझा शिपाई पाकीट देऊन गेला. कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी 'आपल्या ग्रंथालयाचा इतिहास व विकास' हा लेख तू तयारच करून पाठवलास, वर माझं नाव घालून. मी फक्त सही करायची. किती काळजी घेतेस गं माझी! शाळेत तुझे निबंध मी लिहून द्यायचे, त्याची ही परतफेड असावी.

लेख वाचला. भाषा झकास आहे. 'संस्थापक अध्यक्षांच्या दूरदृष्टीतून ग्रंथालयाचे रोपटे लावले गेले.' रोपटं कसलं आलंय? काचेच्या दाराचं एक लाकडी कपाट होतं ते, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेरच्या बोळात. पुस्तकांना कायम गंधकाचा वास. वर पाटी मात्र हातभर लांब, 'मध्यवर्ती ग्रंथालय'. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातली गत. किल्ली अध्यक्षांच्या खिशात असायची, कारण पुस्तक उघडलं की मळतं असं त्यांचं ठाम मत होतं. कुणाला पुस्तक हवं असलं की त्याने अध्यक्षांना गाठायचं, आणि अध्यक्ष हमखास परगावी गेलेले असायचे. दूरदृष्टी म्हणजे हीच असेल, दूर राहून ठेवलेली.

पुढे ग्रंथालय जिन्याखाली गेलं. मग सायकलींच्या शेडला भिंती घालून तिथे. हे तू एका ओळीत उरकलंस, 'कालांतराने स्वतंत्र वास्तू लाभली'. त्या वास्तूची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उताराची होती, आठवतं? टेबलांच्या दोन पायांखाली विटा. कुणाची पेन्सिल खाली पडली की घरंगळत थेट दाराशी जायची, आणि 'शांतता राखा' या पाटीखाली बसून मीच ओरडायचे, "पेन्सिल कुणाची रे?" तिथे बसायला जागा मिळत नसे. खिडकीच्या कट्ट्यावर बसून पोरं वाचायची. आता ती शेड पाडली आणि तिथे गाड्या उभ्या राहतात. वाहनांच्या जागेत ग्रंथालय आलं होतं, ती जागा वाहनांनी परत घेतली. तुझ्या लेखात तो मजकूर 'विकास' या मथळ्याखाली आहे.

हे सगळं मी गिळलं असतं. आयुष्यभर संस्थेत काढल्यावर माणसाला एवढं पचतंच. पण शेवटच्या पानावरचं ते वाक्य चष्मा पुसून पुन्हा वाचलं. 'विद्यार्थ्यांच्या हातून होणारी हानी लक्षात घेऊन, माजी ग्रंथपालांच्या शिफारशीवरून, खुल्या कपाटांची पद्धत बंद करण्यात आली.'

माझी शिफारस? कधी केली मी? स्वप्नात?

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, कॉलेजची तपासणी करणारी समिती विचारणार की वाचक का घटले. तू सुचवलंस म्हटलं की विषय मिटतो. माझी मुदतवाढ अडकलीय गं यात. एका वाक्याचा तर प्रश्न आहे." मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. दूध तापत नव्हतं.

आता खरा इतिहास ऐक. तो तुलाही पुरता ठाऊक नाही.

आई गेली त्या वर्षी तू तिसरीत होतीस. मी नुकती नोकरीला लागले होते. शाळा सुटली की तुला सांभाळायला घरी कोण? मी तुला कॉलेजात घेऊन यायचे आणि त्या बोळात कपाटाशेजारच्या स्टुलावर बसवायचे. काचेआड एक मोठं पुस्तक होतं, समुद्रातल्या प्राण्यांचं, वर अष्टपादाचं लाल चित्र. तू रोज काचेला नाक लावून त्याच्याकडे बघायचीस. एक दिवस म्हणालीस, "ताई, ते दे." किल्ली अध्यक्षांकडे, अध्यक्ष परगावी. मी म्हटलं, आठवड्याने देते. आणि तू रडायला लागलीस. आई गेली तेव्हा तू रडली नव्हतीस. नातेवाईक म्हणायचे, पोर दगड आहे. त्या पुस्तकासाठी मात्र उचकी लागेपर्यंत रडलीस.

मी प्रयोगशाळेतून स्क्रूड्रायव्हर आणला आणि दाराच्या बिजागऱ्या काढल्या. दार भिंतीला टेकवून ठेवलं. तू फरशीवर पाय पसरून अंधार पडेपर्यंत ते पुस्तक बघत बसलीस.

अध्यक्ष आले तेव्हा मी सांगितलं, "साहेब, लाकूड कुजलं, दार निखळलं." ते एक नंबरचे कंजूष. "बघू पुढे," म्हणाले, आणि दार कधीच बसवलं नाही. मग येता-जाता पोरं आपल्या हाताने पुस्तकं काढायला लागली. आपल्या ग्रंथालयात खुली कपाटं आली ती अशी: त्यांच्या चिकटपणामुळे आणि तुझ्या रडण्यामुळे. निवृत्त होईपर्यंत एकाही कपाटाला मी दार बसू दिलं नाही. त्यासाठी किती जणांशी भांडले! हो, पुस्तकं हरवली. काही पोरांनी चक्क ढापली. ते मी कधी लपवलं नाही. तुला हे सांगितलं नाही, कारण आईविना वाढणाऱ्या पोरीवर उपकाराचं आणखी एक ओझं कशाला, असं वाटलं.

मंगळवारचं लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण लिहिते.

लेखासाठी एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून मी तुझं नवं ग्रंथालय बघायला आले. फरशी इतकी चकचकीत की चपला हातात घ्याव्याशा वाटल्या. काचेची कपाटं, प्रत्येकाला कुलूप. खुर्च्या रिकाम्या. दोन मुलं मोबाइल चार्जिंगला लावून पेंगत होती. मधल्या कपाटात, 'दुर्मीळ' अशा चिठ्ठीखाली, आपलं अष्टपादाचं पुस्तक. मी नकळत काचेवर हात ठेवला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आजी, हात नका ना लावू, डाग पडतात." तिचा काय दोष? तिला तसंच शिकवलंय.

तेवढ्यात समितीला घेऊन तू आलीस. त्यातल्या बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तुझ्याकडे. आपलं नाक कुठे लपतंय? त्यांनी विचारलं, "या कोण?"

तू म्हणालीस, "या आमच्याकडच्या एक जुन्या कर्मचारी." आणि त्यांना संगणकांकडे घेऊन गेलीस.

ग्रंथपालाची बहीण म्हणून चिकटली, असं लोक तुझ्याबद्दल बोलायचे, हे मला माहीत आहे. ते खोटं होतं. तुझी नोकरी तू तुझ्या अकलेवर मिळवलीस, मी कुणाकडे शब्दही टाकला नव्हता. त्या बोलण्याची धास्ती अजून तुझ्या मनात असेल, तेही समजतं. पण त्या बाईंनी वशिला विचारला नव्हता गं. मी कोण, एवढंच विचारलं होतं. मला फार लागलं. दोन दिवस मी लिंबाला पाणीसुद्धा घातलं नाही.

लेख परत पाठवते आहे. ते वाक्य खोडलंय आणि माझं नावही. बाकी दूरदृष्टी वगैरे छापा, ज्याची त्याला लखलाभ.

समितीने सोमवारी मला बोलावलंय, तसं पत्र आलं. मी येणार आहे. कपाटं कुणाच्या सांगण्यावरून बंद झाली असं विचारलं, तर माझ्या सांगण्यावरून नाही, असं सांगेन. तुझी मुदतवाढ गेली तर मला वाईट वाटेल, रात्रीची झोपही जाईल. तरी सांगेन. मी तुमची कोण, असं मात्र पुन्हा विचारलं, तर तू सांगितलंस तेच सांगेन. चारचौघांत तुला खोटं पाडणार नाही.

पाकीट जड लागलं असेल. आत चार स्क्रू आहेत, त्या पहिल्या दाराचे. इतकी वर्षं सुयांच्या डब्यात पडून होते. तुझ्या नव्या कपाटांचं एखादं दार सैल झालं तर उपयोगी पडतील.

वेळेवर जेवत जा.

आपल्या संस्थेची
एक जुनी कर्मचारी