उपाशी पोटी सुई

सिस्टरबाई, तुम्हाला जाऊन लई वर्षं झाली. मला लिहायचा कंटाळा, चौथीतून सुटलेली बाई मी. पण आज दुपारी भाकरी तव्यावर टाकून सुई घ्यायला बसले आणि तुमचं रागवणं आठवलं, म्हणून लिहून राहिले. अक्षर बघू नका.

तेव्हा लातूर नवंनवं जिल्हा झालं होतं, आणि आमच्या गावात दुष्काळ. टँकर आला की बायका घागरी घेऊन पळायच्या. नेमकी अशा दिवसांत मला तहान लागली. साधी नव्हे, तांब्याभर पिऊन झालं की परत घसा कोरडा. पिते आणि लघवीला पळते, पिते आणि पळते. आजी म्हणायची, "ही पोरगी हाय का रांजणाला पडलेलं भोक?" तिनं माठ माझा हात पोचणार नाही असा वर ठेवला आणि मला फुलपात्रानं पाणी द्यायला लागली. घरात आणखी लेकरं होती, तिचं चुकलं असं आजही म्हणवत नाही. मी वाळत गेले. मग उलट्या लागल्या, पोट दुखायला लागलं, श्वास असा खोल चालायला लागला जसा चढ चढून आलेल्या बैलाचा. आजी म्हणाली, माहूरची देवी अंगात यायलीय, नवस बोला. मायनं नवस बोलला आणि मला उचलून लातूरच्या दवाखान्यात न्यायला एसटीत घातलं.

पुढचं तुकड्यातुकड्यानं आठवतं. तुम्ही माझ्या तोंडाशी नाक आणता आणि डॉक्टरांना सांगता, "पिकून सडलेल्या फळासारखा वास येतोय." सलाईन लागतं, इन्सुलिन चालू होतं. माझी लघवी निळ्या औषधात घालून काचेची नळी दिव्यावर धरता, ती विटेसारखी लाल होते, म्हणजे साखर लई. थोड्या थोड्या वेळानं परत धरता. नाडी बघता, गालावर टिचकी मारता, "डोळे उघड, नाव सांग." झोपू देत नव्हतात म्हणून मला तुमचा भयंकर राग येत होता.

मी शुद्धीवर आले तरी अन्न जात नव्हतं. तुम्ही सुई भरून आलात आणि मायनं तुमचा हात धरला. "पोरीच्या पोटात कण न्हाई. उपाशी पोटी कुठं औषध देत्यात का?" आमच्याकडं डोकेदुखीची गोळीसुद्धा दोन घास खाल्ल्याबिगर कोणी घेत नाही, तिला दुसरं काय माहीत असणार. तुम्ही अख्ख्या वॉर्डासमोर तिला झापलं.

"पाणी तोडलंत, आता सुई पण तोडता? नीट ऐका. हिच्या अंगातली चूल पेटलेली आहे. लाकडं दारात पडून आहेत, पण आत आणणारा माणूसच नाही. मग चूल काय करते? घराचे वासे ओढून जाळते. तोंडाला वास येतोय तो त्या धुराचा. ही सुई म्हणजे लाकडं आत आणणारा माणूस. पोर जेवो न जेवो, त्याला सुट्टी नाही. किती द्यायची ते आम्हाला विचारा, पण बंद करायची नाही."

माय तोंडाला पदर लावून उभी राहिली. मला वाटलं उठावं आणि तुम्हाला चावावं.

घरी सोडताना तुम्ही तिला सुई उकळायला शिकवलं, मी आजारी पडले तर किती द्यायची तेही पाठ करून घेतलं. औषध गार ठेवायला मडक्यात मडकं, मध्ये ओली रेती. त्या दुष्काळात आमच्या घरी टँकरचं पहिलं पाणी त्या रेतीला जायचं, मग माणसांना. आजी कपाळाला हात लावायची, "माणसं तहानली आन् पाणी पितीय बाटली."

तरी त्याच उन्हाळ्यात मला ताप आला, परत उलट्या. माय सुई उकळायला बसली तशी आजी चुलीपुढं येऊन उभी राहिली. "पोरीनं सकाळपासून घास खाल्ला न्हाई. सुई दिलीस तर मरंल ती. माझ्या घरात न्हाई द्यायची." माझे वडील, अप्पा, दारात, मान खाली. माझी माय सासूपुढं कधी मान वर न केलेली बाई. ती म्हणाली, "आत्याबाई, सरका." एवढंच. तुम्ही सांगितलेली तेवढी सुई दिली आणि मिठाचं पाणी घोटघोट पाजत मला लातूरला आणलं.

तुम्ही नळी दिव्यावर धरली, माझ्या तोंडाचा वास घेतला, या वेळी सडक्या फळाचा नव्हता. मग तुमचं स्टूल पायानं मायकडं सरकवलं आणि दुसऱ्या खाटेकडं गेलात. शब्द नाही. माय तुमच्या पाठीकडं बघत बसली.

पुढं मला मुदखेडला दिली. नवरा बघायला आला तेव्हा तोंडावर सांगितलं, "मला रोज सुई लागते. जमत असंल तर बस, न्हाईतर चहा पिऊन ऊठ." बसला. अजून बसलेलाच आहे. एक लेक आहे, नातू आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय, पायाला जखम तर नाही ना हे रोज बघावं लागतं, बाकी झकास. आता पेनासारखी सुई मिळते, फ्रिज आहे.

माय माझ्यापाशीच असते. जेवली का हे तिला आठवत नाही, पण ती चूल आठवते. मध्ये विचारलं, "तुला तापात लातूरला नेलं त्या दिवशी सिस्टर काय म्हणल्या गं?" मी खरं ते सांगितलं, काही नाही म्हणल्या. तिचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी परत तेच विचारलं. तेव्हा मी म्हणाले, "म्हणल्या, ह्या बाईनं पोर वाचवली."

"हाव?" म्हणाली, आणि गालातल्या गालात हसत बसली.

आता रोज विचारते, रोज सांगते. हल्ली थोडं वाढवूनही सांगते, की तुम्ही डॉक्टरांना बोलावून तिला दाखवलं. तुमच्या नावावर हे खपवलेलं तुम्हाला चालंल का, तेवढंच विचारायला लिहायला बसले होते. पण तुम्ही नाही म्हणलात तरी मी थांबणार नाही, मग विचारून करू काय.