अर्ध्या भट्टीचं टेबल

२० मार्च, रविवार
मस्कतहून खोका आला. चार माणसांनी अंगणात उतरवला. आत भट्टी. चिनीमातीची, हिरवी, अंड्यासारखी, वर झाकण. ह्यांनी आणि सोबतच्या सलीमने तिथल्या हॉटेलात स्वयंपाक करता करता अर्धे-अर्धे पैसे घालून घेतली होती. दोघं परत आले की लातूरला, नांदेड रोडवर उघड्यावर कबाबचं हॉटेल टाकायचं होतं. जहाजाने पाठवली ती आत्ता पोचली. सलीम वारला त्याला पाच महिने झाले. हे घरी येऊन चार.
हे बाहेर आले नाहीत. खिडकीतून बघून म्हणाले, "परत पाठव." आठवड्यातलं पहिलं वाक्य.

२३ मार्च
खोका तिथंच. वर घागरी ठेवते आहे. टँकर आज नवव्या दिवशी आला. मी शिकवते ती रेणापूरची शाळा सकाळची, त्यामुळे परत येऊन नंबर लावता येतो. माझ्यानंतर सहा बायकांनी भरलं आणि पाणी संपलं. मागे उरलेल्यांकडे बघितलं नाही.
मी गॅस पेटवला की हे उठून गल्लीत जातात. पूर्वी फोडणीच्या वासावरून मीठ कमी म्हणून सांगणारा माणूस.

२५ मार्च
संध्याकाळी घरात नव्हते. शोधत गेले तर मागच्या पडक्या विहिरीच्या कठड्यावर बसलेले. आत वाकून बघत. विहीर तळापर्यंत कोरडी. सगळं गाव पाण्यासाठी रडतंय आणि मला त्या कोरड्या विहिरीकडे बघून बरं वाटलं. पण खोल आहेच ना ती.
हाताला धरून आणलं. आले. बी.पी.च्या गोळ्या आता माझ्या पर्समध्ये.

२६ मार्च
नांदेड. मनाच्या डॉक्टरांकडे. लेकीला, तनूला, हॉस्टेलवरून बोलावलं नाही, तिनं पप्पांना असं बघू नये म्हणून.
डॉक्टरांनी नीट विचारलं, तेव्हा बोलले. मी शेजारी बसले होते. असं म्हणाले: किचनमध्ये गॅसचा भडका उडाला. मी दारापाशी होतो, सलीम आत. त्याने माझं नाव घेऊन हाक मारली. मला ऐकू आली. मी पळालो.
हात कसा भाजला, डॉक्टरांनी विचारलं. "दाराची कडी तापली होती."
परतीची बस लोह्याला थांबली. मग पाणी देऊ का विचारलं. न्हाई म्हणाले.

१ एप्रिल
गोळ्यांनी झोप लागते. बाकी काही नाही. भिंतीकडे तोंड.
ती भट्टी अर्धी सलीमची. म्हणजे आता त्याच्या वडिलांची. पाच महिन्यांत आपण एकदा त्यांच्या दारात गेलो नाही. ह्यांना विचारलं, उदगीरला जाऊ का? चादर तोंडावर ओढली. परवा एकटीच जाणार.

३ एप्रिल, रविवार
उदगीर. गावाबाहेर रस्ता अडवलेला, उदगीर जिल्हा करा म्हणून. लोक उन्हात बसलेले, बस दीड तास उभी. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "आगूदर पानी द्या म्हनावं, मंग जिल्हा." शेवटी चालत गेले.
हमीदचाचा, सलीमचे वडील. सुतार. सत्तरीचे असतील, अजून रंधा मारतात. मी कोण ते सांगितलं तर उठून उभे राहिले. मला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसले. म्हणाले, "मिलिंदची बायको तू. हॉटेलच्या मॅनेजरनं फोनवर सांगितलं मला. माझ्या पोराला काढाया आत गेला तुझा मानूस. हात भाजून घेतला. मी रोज दुवा मागतो त्याच्यासाठी."
नाही म्हणायला हवं होतं. तोंड उघडलं आणि त्या अंड्यासारख्या भट्टीचं बोलले. अर्धी तुमची आहे, न्यायची का, की आम्ही काय करावं.
चाचा हसले. "आधा अंडा घेऊन काय करू बेटी. ती कशावर ठेवलीय?"
म्हटलं, जमिनीवर, खोक्यात.
"मग टेबल लागंल की. माझ्या हिश्श्याचं टेबल मी बनवतो. तुमच्या घरी येऊन बनवतो. त्याला पन भेटतो."
नको म्हणता आलं नाही.

४ एप्रिल
ह्यांना सांगितलं, चाचा येणार. मॅनेजर काय बोलला तेही सांगितलं. उठून बसले. मग म्हणाले, "तू काय म्हनलीस?"
काहीच नाही, मी सांगितलं.
जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. (हे ५ ला लिहिते आहे.)

९ एप्रिल, शनिवार
चाचा आले. टेम्पोत बाभळीचे चार जाड पाय, जुन्या सागाच्या फळ्या, हत्यारांची पेटी. आणि पाण्याचा कॅन, स्वतःपुरता. पाहुणा पाणी घेऊन येतो, असे दिवस.
आधी आत गेले. हे खाटेवर. चाचांनी ह्यांचा भाजलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर डोळे टेकवले. हे थरथरायला लागले. चाचांना वाटलं पोराच्या आठवणीने. पाठीवर हात फिरवला, "रो ले बेटा," म्हणाले, आणि बाहेर येऊन खोका फोडायला लागले.
ह्यांनी आतून कडी घातली. मी दाराबाहेर बसून राहिले. अर्ध्या तासाने हाक मारली तर "हाय" म्हणाले. जिवंत आहे, एवढंच त्या शब्दात.

१० एप्रिल
चाचांचा मुक्काम समोर, शेजाऱ्यांच्या ओसरीवर. दिवसभर काम. सांगाडा उभा राहिला. खाली एक फळी, तिच्यावर भट्टी बसणार. वरच्या फळीला गोल भोक, त्यातून भट्टीचं डोकं वर. म्हणजे उभ्याने स्वयंपाक करता येतो, दोन्ही बाजूंना ताटं ठेवायला जागा. सलीमने चाचांना फोनवर कधीतरी असंच टेबल सांगितलं होतं म्हणे.
रंध्याचा आवाज दिवसभर. हे आतच. ताट दाराशी ठेवलं, तसंच उचललं. दुपारी मी चाचांपाशी गेले. आज सांगून टाकायचं ठरवलं होतं. ते गुण्या लावून कोपरा काटकोनात आहे का बघत होते आणि गुणगुणत होते. परत फिरले.
मी भित्री आहे. ह्यांच्याइतकीच.

११ एप्रिल
आज घडलं ते नीट लिहून ठेवते.
शाळेतून आले तर भट्टी टेबलात बसवलेली. शेजारची तीन पोरं मदतीला आली होती, ती गेलेली. चाचा खूश. भोक असं नेमकं कापलेलं की भट्टी आणि लाकूड यांत पोस्टकार्ड जाणार नाही. मला म्हणाले, "बघ, बेटी. सत्तर वर्षांची नजर." खाली पण भट्टी थेट फळीवर. मग कोळसे आणले. पेटवून बघू म्हणाले.
काडी ओढल्याचा आवाज आला आणि आतली कडी निघाली.
हे दारात. दाढी वाढलेली, पायात काही नाही. "चाचा, पेटवू नका."
चाचा थांबले. हे जवळ आले. टेबलाच्या कडेवर हात ठेवला. "येवढं जवळ नको. लाकूड पेट घेतंय अशानं. चौफेर तीन बोटं हवा पायजे. खाली फरशी पायजे, फरशीखाली पन जागा. तुम्हाला माहीत न्हाई ही किती तापती ते." एका दमात. घरी आल्यापासून इतकं बोलले नव्हते.
चाचांनी काडी विझवली. "मग तू आखून दे."
पोरांना परत बोलावून भट्टी काढली. ह्यांनी कोळशाने मोठं वर्तुळ आखलं. वाकडं आलं. पुसून परत आखलं. चाचांनी करवत ह्यांच्या हातात दिली, स्वतः फळी दाबून धरली. दोघं अंधार पडेपर्यंत कापत होते. मी गॅस पेटवला, भाकरी टाकल्या, हे उठून गेले नाहीत.

१२ एप्रिल
शहाबादी फरशी बसवली, चार खड्यांवर. भट्टी परत आत. चौफेर तीन बोटं. पेटवली नाही. चाचा म्हणाले, पहिला विस्तव मिलिंदच्या हातानं. हे मान खाली घालून उभे.
निघताना चाचांनी ह्यांना जवळ घेतलं. "माझा एक गेला, एक हाय," म्हणाले.
टेम्पो वळला तसे हे तिथंच मातीत बसले.
रेल्वेने पाणी आलंय म्हणे शहरात. सगळी गल्ली तेच बोलते आहे.

१४ एप्रिल
जयंती. विहारात एकटीच गेले. वंदनेत लक्ष नाही. ह्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता, मी आले तेव्हा हे तो हातात घेऊन बसले होते.
म्हणाले, "सांगावं लागंल."
मी म्हटलं, कशाला. मेलेलं माणूस येणार नाही. म्हाताऱ्याला एवढाच आधार आहे, तो का काढून घ्यायचा.
"आधार न्हाई तो. खोटं हाय."
भांडले मी. तुम्हाला मोकळं व्हायचंय म्हणून त्यांच्या उरावर घालणार का, असं म्हणाले. म्हणायला नको होतं. ह्यांनी शर्ट खुंटीला लावला.

१६ एप्रिल
दोन दिवस परत भिंत. जेवण नाही. माझ्यामुळे. पर्समधल्या गोळ्या मोजल्या, बरोबर आहेत. शाळेत रजा टाकली.
दुपारी त्यांच्याजवळ बसून म्हटलं, जा. तुम्हाला वाटतंय तर जा. मी येऊ का? न्हाई म्हणाले.

१७ एप्रिल, रविवार
सकाळी दाढी केली. अर्धा तांब्या पाण्यात. तोच शर्ट. साडेसातच्या बसने उदगीर.
अकराला फोन केला, बंद. बाराला बंद. चाचांना लावला, "आला न्हाई अजून बेटी, का, येनार हाय का?" सकाळीच निघालेत म्हटलं. विहिरीकडे जाऊन आले. तिथं कोण असणार, तरी गेले. स्टँडवर विचारलं तर म्हणे उदगीरच्या अलीकडे परत रस्ता अडवलाय, गाड्या उभ्या आहेत. मग चालत निघाले असतील. ह्या उन्हात. निघाले असतील का.
तनूचा फोन आला, पप्पा कुठायत? झोपलेत म्हटलं.
साडेपाचला चाचांचा फोन.
"आला. बसलाय हितं."
काही बोलले का, मी विचारलं.
मागे कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज.
"बोलला," म्हणाले. "सगळं बोलला."
मी निघू का उदगीरला, मी विचारलं.
"आज त्याला हितंच राहू दे. मला नमाजला जायचंय. आल्यावर त्याच्याशी बोलतो."
म्हटलं, चाचा, सकाळपासून काही खाल्लं नाही त्यांनी. पण फोन आधीच ठेवलेला होता.