मूळ प्रत कपाटात

१० मे, संध्याकाळ ७

उद्या युरोप! मी आणि बायको, दोघांचाही पहिला विमानप्रवास. तयारी चोख. रेकॉर्ड विभागात चौतीस वर्षं काय उगाच काढली? माझ्या हातून एकही मूळ कागद गहाळ झाला नाही, कारण एकही जागेवरून हलू दिला नाही.

शेजारचे पोस्टमास्तर म्हणाले, तिकडे पाकीटमार फार. म्हणून दोन्ही पासपोर्ट कपाटाच्या चोरकप्प्यात ठेवून दिले. सोबत रंगीत झेरॉक्स, तीन सेट, व्हिसाच्या पानासकट. प्रत्येक पानावर ‘खरी प्रत’चा शिक्का आणि माझी सही. (शिक्का रिटायर होताना परत करायचा राहिला.) हिला हे सांगितलेलं नाही. उगाच घाबरेल.

संध्याकाळी ७.४०

ही म्हणाली, मागच्या दोन ट्रिपांसारखं करू नका. वास्तविक पहिल्या वेळी गाडी दहा मिनिटं आधी सुटली आणि दुसऱ्या वेळी हॉटेलवाल्याने बुकिंग पुढच्या वर्षाचं केलं. माझा काय संबंध? तर म्हणे, या खेपेला काही झालं तरी मी जाणारच. बरं बाई, जाऊ.

११ मे, पहाटे ५.३०

बॅगांचं चौथ्यांदा वजन केलं. हिने पुन्हा विचारलं, पासपोर्ट घेतलेत ना? म्हटलं, सगळी व्यवस्था झालीय, विश्वास ठेव. मग कानातलं आत ठेवायचंय म्हणून कपाटाची किल्ली मागितली. दिली.

६.१५

ही चोरकप्प्यासमोर बराच वेळ उभी. एवढंसं कानातलं ठेवायला इतका वेळ? बाहेर आली. कपाळावर आठीसुद्धा नाही. एकतीस वर्षांत प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदाच भांडली नाही. सुधारली म्हणायची.

८.४५, टॅक्सी

विमानतळावर कसं वागायचं ते हिला समजावलं. ही पर्स छातीशी धरून खिडकीबाहेर बघत बसलीय. मधेच एकदा माझ्याकडे वळून, काही सांगायचंय का, असं विचारलं. म्हटलं, हो, पाणी कमी पी.

 

१०.०५

दारावर तिकीट आणि आधार कार्ड बघून आत सोडलं. काउंटरवरच्या मुलीला एक सेट दिला. तिने पानं उलटून ओरिजिनल मागितलं. मूळ प्रत सुरक्षित आहे, असं सांगून तिला निश्चिंत केलं. तिने साहेबाला बोलावलं. साहेबाने शिक्का निरखून, सही करणारे अधिकारी कोण, म्हणून विचारलं. म्हटलं, मीच. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. छाप पडली.

१०.२०

नियम कुणाला माहीतच नाहीत! हिला म्हटलं, चल घरी, लेखी तक्रार करतो. हिने पर्स उघडून स्वतःचा पासपोर्ट काउंटरवर ठेवला. ओरिजिनल! कुठून आणलास? तर म्हणे, चोरकप्प्यातून. मग माझा का नाही आणलास? म्हणाली, निघेपर्यंत वाट बघत होते, एकदा तरी तुम्ही मला विचारता का, निदान सांगता का.

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

१०.३०

काउंटर पावणेबाराला बंद. जाऊन येऊन सव्वा तास. जमतंय आरामात. हिला बजावलं, इथून हलायचं नाही.

११.१०, घरी

कपाटाला कुलूप. किल्ली हिच्या पर्समध्ये. विसरली असेल. ही कधी काही विसरत नाही, पण आज गडबडच तशी होती. फोन वाजतो, उचलत नाही.

११.४५

कुलूपवाला अर्ध्या तासात येतो म्हणाला. त्याला म्हटलं, बाबा रे, संसाराचा प्रश्न आहे. म्हणाला, सगळ्यांचाच असतो.

१२.३०

कपाट उघडलं. माझा पासपोर्ट एकटाच पडलाय. पण बघा, सुरक्षित होता!

१.१०

घरावरून विमान गेलं. हिचंच असेल असं काही नाही. ही एकटी बँकेत जात नाही, परदेशात कुठली जातेय? बसली असेल बाकावर रडत. आणायला निघतो.

दुपारी २.२५, विमानतळ

सगळे बाक बघितले. दोनदा. शेवटी काउंटरवरच्या त्याच मुलीने सांगितलं, मॅडम वेळेत गेल्या. खिडकीची जागा मागून घेतली.

१२ मे, दुपार १

सासरहून लेकीचा फोन. आई सुखरूप पोचली. म्हटलं, रात्रभर रडली असेल. तर म्हणे, नाही बाबा, छान झोप लागली तिला. म्हटलं, मी उद्याचंच तिकीट काढतो, आता ओरिजिनल हातात आहे. लेक मग म्हणाली, आईचा निरोप आहे, बाबांना म्हणावं घाई करू नका. थोडे दिवस एकटी हिंडते, मग बघू.

मग बघू म्हणजे काय? लेकीलाही माहीत नाही. मला भीती वाटतेय. लिहून ठेवतो, कारण खरं आहे.

१.२०

हिच्याशी बोलायलाच हवं. तिने तिकडचं नवीन सिम घेतलंय, नंबर लेकीकडे आहे. मागितला. लेक म्हणाली, आईला विचारून सांगते.